अर्धा मासा

गुजरातेतल्या संखेड्याच्या, कातीव पायांच्या खुर्चीचे चार पाय शेजारीशेजारी उभे असतात. त्यातला एखादा अर्ध्या सुतानं जाड निघाला, तर बैठकीत शिरणाऱ्या पाहुण्याला ती खुर्ची खटकते. नेमकं काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही, पण खटकते. लाकडी माशाचं याच्या उलट आहे. गळाच्या पेटीतून एका वेळी एकच मासा बाहेर येतो, शेजारी तुलनेला कुणी नसतं, आणि दुसरा हातात धरून पाहिला तर तो पहिल्यासारखाच दिसतो. पाण्यात टाकला की पहिला डुलत, अंग घुसळत येतो आणि दुसरा कुशीवर आडवा होऊन ओंडक्यासारखा ओढला जातो. पायातली चूक डोळा पकडतो, माशातली पाणी पकडतं.

लाकडी मासा म्हणजे ल्युअर: शिकारी माशाला फसवण्यासाठी केलेला, पोटाखाली गळ लटकवलेला खोटा मासा. अमेरिकेत मिशिगनमधल्या डोवाजिअॅक गावी जेम्स हेडननं १९०० च्या आसपास लाकडी आमिषांचा धंदाच उभा केला. फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली बुचाच्या लाकडाचा मासा चाकूनं कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि लेप म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लावल्या. चाकूनं कोरलेला मासा चपटा, खऱ्या माशासारखा करता येतो. लेथवरचा, म्हणजे लाकूड फिरवून कातणाऱ्या यंत्रावरचा, मासा गोलच निघतो, सिगार किंवा वांग्याच्या घाटाचा. ही लेथची मर्यादा आहे आणि सोयही, कारण जे गोल आहे त्याचा सगळा आकार एका वाकड्या रेषेत मावतो.

तीच रेषा म्हणजे फर्मा.

लाकूड कातणाऱ्याला पुण्याकडे कातारी म्हणतात, इकडे बडोद्यात खरादी. गुजरातीत लेथला ‘संघाडो’ असा खास शब्द आहे आणि तो बडोद्याच्या मराठी घरांतही कानावर पडतो. बडोद्यात या कामाला पाठबळ जुनं आहे. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख होते त्रिभुवनदास गज्जर, आणि गज्जर हे आडनावच सुताराचं. संखेडा इथून पन्नासएक किलोमीटरवर, ओरसंग नदीच्या काठी. तिथल्या मुरलेल्या हाताला पायाचा घाट पाठ असतो, तो फर्म्याशिवाय कातू शकतो. पण तो पाय कातत असतो. पाय दोन मिलिमीटर जाड झाला म्हणून खुर्ची बुडत नाही.

आकडेच पाहू. मासा ९० मिमी लांब, सगळ्यात जाड जागी २० मिमी, दोन्हीकडे निमुळता. त्याचं आकारमान साधारण १८ घनसेंटिमीटर, म्हणजे तो पूर्ण बुडाला तर १८ ग्रॅम पाणी बाजूला सारणार. शिवणीचा केला तर लाकडाचं वजन ९ ग्रॅमच्या आतबाहेर, सागाचा केला तर १२. शिवणीच्या माशाला वर उचलणारं बळ उरलं ९ ग्रॅम, सागाच्या माशाला फक्त ६. दोन तिहेरी गळ, कड्या, तार आणि रंग मिळून ५ ते ६ ग्रॅम सहज होतात. सागाचा मासा इथेच डुबुकडुबुक करायला लागतो, पोट खाली राहावं म्हणून घालायच्या शिशाला जागाच राहत नाही. तरंगणाऱ्या माशाला म्हणून शिवण बरी. पांगारा आणखी हलका, सावंतवाडीच्या खेळण्यांचं लाकूड, पण लेथवर त्याला लव सुटते आणि गळाचा पेच त्यात धरत नाही. जुन्या दारांच्या चौकटींचा साग लाटीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, स्वस्त मिळतो, वाळलेलाही असतो. तो बुडणाऱ्या माशांसाठी ठेवावा, आणि पात्याखाली देण्याआधी आत मोडलेला खिळा नाही ना ते लोहचुंबक फिरवून पाहावं.

आता तोच शिवणीचा मासा सगळीकडे एक मिलिमीटरनं जाड झाला असं समजू. आकारमान व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणून २० चे २१ झाले की दहा टक्के तरी वाढ. मासा जवळजवळ एका ग्रॅमनं जास्त तरंगायला लागतो. पोटात दोन ग्रॅम शिसं घालायचं ठरलं असेल तर त्यातलं निम्मं फुकट गेलं. आणि हा एक मिलिमीटर येतो कुठून? फर्म्यातल्या अर्ध्या मिलिमीटरमधून. फर्मा अर्ध्या माशाचा असतो, मध्यरेषेपासून एका बाजूचा, आणि लाकूड गोल फिरतं. फर्म्यातली प्रत्येक चूक व्यासात दुप्पट होऊन उतरते. या कामात एवढी एक गोष्ट पक्की ठेवली तर बाकीच्या बऱ्याच सवयी आपोआप लागतात.

ज्याची नक्कल काढायची तो मूळ मासा मोजायचा व्हर्नियरनं, नाकापासून दर ५ मिमीला. नाकाचे आणि शेपटीचे शेवटचे १० मिमी मात्र दर २ मिमीला मोजावेत, कारण बाक तिथे झपाट्यानं वळतो आणि पाच मिलिमीटरच्या टप्प्यांत निसटून जातो. प्रत्येक जागी दोनदा माप घ्यायचं, एकदा उभं, एकदा आडवं. जुनं लाकूड बऱ्याचदा लंबगोल झालेलं असतं. ओल्या लाकडाचा मासा कातला तर हे हमखास होतं: वर्तुळांच्या दिशेनं लाकूड जितकं आकसतं ते गाभ्याच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं, त्यामुळे आषाढात गोल कातलेला मासा कार्तिकात गोल राहिलेला नसतो. दोन मापांची सरासरी घ्यावी.

मूळ मासा रंगवलेला असेल तर त्याच्याबरोबर रंगही मोजला जातो. अस्तर, रंग आणि वरून इपॉक्सीचे दोन हात मिळून एका बाजूला ०.३ मिमी, कधी त्याहून जास्त. ते वजा केलं नाही तर नक्कल तेवढी फुगते, आणि त्या नकलेवरून दुसऱ्यानं नक्कल काढली की आणखी फुगते. नक्कल नेहमी पहिल्यावरून काढायची, शेवटच्यावरून कधीच नाही. मोबाइलवर फोटो काढून तो छापून घेण्याचा मोह होतो, पण कॅमेरा जवळ धरला की माशाचा कॅमेऱ्याकडे आलेला भाग मोठा उमटतो. कडांची रेष पाहायला फोटो चालेल, मापं घ्यायला नाही.

आलेखाच्या कागदावर मध्यरेषा ओढून प्रत्येक व्यासाचं निम्मं तिच्या एकाच बाजूला मांडायचं. ठिपके जोडायला प्लास्टिकची लवचीक पट्टी उभी वाकवावी. ती एखाद्या ठिपक्यावरून जायला नकार देत असेल तर बहुतेक वेळा ते माप चुकलेलं असतं, पट्टी नव्हे.

फर्मा कशाचा करायचा यावर मतं बरीच आहेत. एमडीएफ कापायला सोपा, पण बडोद्याच्या पावसाळ्यात त्याची कड फुगते. साध्या प्लायच्या थरांत पोकळ्या असतात, फर्म्याच्या कडेनं सरकणारी खुंटी नेमकी त्यात उतरते आणि पातं लाकडात घुसतं. ६ मिमी अॅक्रिलिक सगळ्यात बरं. ते नसेल तर चांगल्या प्रतीच्या प्लायच्या कडेला पातळ सुपरग्लू पाजून ती घोटून घ्यावी. नुसतं ताडून पाहण्याच्या फर्म्याला सनमायकाचा तुकडा पुरतो, आणि तो फर्निचरवाल्याच्या कचऱ्यात मिळतो.

रेषेच्या बाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून बारीक पात्याच्या करवतीनं कापायचं आणि उरलेलं कानशीनं, मग काचकागदानं रेषेवर आणायचं. काचकागद हाताच्या बोटांवर धरला तर बाकावर लाटा उठतात, लवचीक पट्टीवर चिकटवून घासावा. शेवटची तपासणी डोळे मिटून. अंगठ्याचं नख कडेवरून नाकापासून शेपटीपर्यंत सावकाश न्यायचं. जो उंचवटा डोळ्याला दिसत नाही तो नखाला लागतो, आणि जो नखाला लागतो तो लाकडावर कडं होऊन उमटतो. कापताना दोन तुकडे निघतात, एक भरीव अर्धा मासा आणि एक त्याची खोबण. खोबणीचा तुकडा ताडून पाहायला वापरावा असं वाटतं, पण मधली मिलिमीटरभर जागा करवतीनं खाल्लेली असते. तो वेगळा काढावा लागतो.

हातानं कातणाऱ्याला खोबणीचा फर्मा आणि एक मापपट्टी एवढ्यावर भागतं. मापपट्टी म्हणजे लाकडाची चीप, तिच्या कडेला कानशीनं पाडलेल्या खाचा: नाक इथे, डोळा इथे, सगळ्यात जाड इथे, शेपूट इथे. फिरत्या लाकडाला पट्टी टेकवून खाचेत पेन्सिल धरली की चारही वर्तुळं उमटतात. प्रत्येक वर्तुळावर पार्टिंग टूलनं, म्हणजे खाच पाडायच्या अरुंद हत्यारानं, ठरलेल्या व्यासापर्यंत, अर्धा मिलिमीटर राखून, खाच उतरवायची आणि मग खाचा जोडत जायचं. व्यास पाहायला सनमायकात पान्यासारखी तोंडं कापून ठेवावीत, ८, १४ आणि २० ची. दर वेळी कॅलिपर उघडमीट करण्यापेक्षा ही बरी, ती सरकत नाहीत.

वीस-पंचवीस मासे काढायचे असतील तर फर्म्यावरून चालणारं पातं हवं. त्याची रचना साधी आहे. लेथच्या बेडवर १८ मिमी प्लायचा सपाट ओटा, ओट्यावर दोन्ही हातांनी सरकवायचा जड ठोकळा, ठोकळ्याच्या वर पातं, बरोबर त्याच्याखाली खुंटी. फर्मा ओट्यावर, कामाच्या पोटाखाली घट्ट पेचांनी बसवलेला. खुंटी अर्ध्या माशाला चाटत जाते आणि पातं वर तोच मासा काढतं.

खुंटीच्या टोकाची गोलाई आणि पात्याच्या टोकाची गोलाई अगदी एक पाहिजे. पातं ६ मिमी त्रिज्येचं गोल असेल तर खुंटीही ६ मिमी त्रिज्येचीच. खुंटी बारीक आणि पातं रुंद असलं की आतल्या बाकात पातं गरजेपेक्षा जास्त खातं, माशाची मान बारीक होते. हा नियम नवा नाही. टॉमस ब्लँचर्डनं १८१९ साली बंदुकीचे दस्ते कातणारा नक्कल-लेथ काढला, त्यातही नमुन्यावर फिरणारं चाक आणि लाकूड कापणारं चाक एकाच मापाचं होतं. त्याचा लेथ वाकडेतिकडे आकारही काढायचा, कारण तिथे नमुना आणि लाकूड दोन्ही एकत्र, सावकाश फिरायचे. आपला फर्मा चपटा आहे, त्याच्याकडून गोलाच्या पलीकडची अपेक्षा धरू नये. पॉपरचं, म्हणजे पाण्यावर आवाज करत ओढायच्या माशाचं, खोलगट तोंडही फर्म्यातून निघत नाही, ते शेवटी हातानंच.

दुसरी गोष्ट पात्याची उंची, आणि इथे सगळ्यात फसगत होते. पात्याचं टोक केंद्राच्या नेमक्या उंचीवर नसेल तर चूक सगळीकडे सारखी पडत नाही. समजा टोक २ मिमी खाली आहे. फर्मा म्हणतो त्रिज्या १०, लाकडावर निघते १०.२. ती चूक जाणवणारही नाही. शेपटीजवळ फर्मा म्हणतो ३, आणि निघते ३.६, म्हणजे व्यासात सव्वा मिलिमीटर जादा. पोट बरोबर, शेपूट लठ्ठ. माणूस फर्म्याला दोष देतो, शेपटीकडे फर्मा घासत बसतो, पातं मात्र तसंच दोन मिलिमीटर खाली. म्हणून फर्म्याला हात लावण्याआधी टेलस्टॉकच्या, म्हणजे लाकूड दुसऱ्या बाजूनं धरणाऱ्या भागाच्या, टोकाशी पात्याचं टोक भिडवून पाहावं, खाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून उंची जुळवावी.

शेपूट बरोबर पण नाक जाड, किंवा उलट, असं एकाच बाजूला सरकत गेलेलं दिसलं तर फर्मा तिरका बसलाय. त्याची परीक्षा सरळ पट्टी लावून: दंडगोल कातून पाहायचा, दोन्ही टोकांना व्यास एकच आला पाहिजे. आणि फक्त मधला भाग जाड येत असेल तर लाकूड पात्यापासून पळतंय. लांब, बारीक तुकडा दोन टोकांत धरला की मध्ये लवतो. शेवटचा हात अगदी हलका द्यावा, लाकूड निघतंय की धूळ असं वाटण्याइतका.

फर्मा नाक आणि शेपटीच्या पुढे दोन्हीकडे १० मिमी वाढवलेला असावा. नाही तर खुंटी कडेवरून घसरते आणि नाक उडतं. ९० मिमीच्या माशाला १२५ मिमीचा, २५ चौरस तुकडा घ्यावा म्हणजे ही वाढीव जागा मिळते. वेग चौकोनाचा दंडगोल होईपर्यंत मिनिटाला १४४० फेरे ठीक, पुढे पुली बदलून दोन हजारांच्या वर. पातं नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे न्यायचं, पोटापासून नाकाकडे, मग पोटापासून शेपटीकडे. फर्मा हातात आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढत जावंसं वाटतं, आणि निम्म्या वाटेत पातं रेषांच्या विरुद्ध जाऊन लाकूड उचकटतं. फर्म्याला आकार माहीत असतो, लाकडाच्या रेषा नाही.

तार आरपार न्यायची असेल तर भोक आधी पाडावं, मग त्याच भोकांवर तुकडा टोकांत धरून कातावं. लांब ड्रिल आत थोडं वाकडं जातंच, पण दोन्ही तोंडं तरी आपोआप मध्यावर येतात. कातून झाल्यावर भोक पाडणाऱ्याची तार पाठीतून बाहेर येते.

राहिलं पोट. गोल माशाला पाठ कुठली आणि पोट कुठलं हे लेथ सांगत नाही. पण लाकूड एकसारखं नसतं, एक बाजू जड असतेच. तुकडा २२ मिमीचा दंडगोल झाला की उतरवून परातभर पाण्यात सोडावा. तो जरासा डोलतो, वळतो आणि जड बाजू खाली करून थांबतो. वरच्या बाजूला पेन्सिलची रेघ मारली, की ती पाठ. (चौकोनी असतानाच हे करून पाहू नये. पाण्याच्या निम्म्या घनतेचा चौकोनी तुकडा कोपरा वर करून तरंगतो, त्याला जड बाजूची पर्वा नसते.) दोन मिनिटांच्या भिजण्यानं लाकडाचं काही बिघडत नाही, पुसून वाळवायचं. मग इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेत ठेवून पोटाची भोकं आणि जबड्यातल्या पट्टीची चीर पाडून घ्यायची. अंतिम आकार आल्यावर ती सरळ पडणं कठीण, धरायला सरळ असं काही उरतच नाही. चिरेत लाकडाची चकती दाबून बसवावी, नाही तर कातताना तिच्या ओठांचे कपचे उडतात. ही खाचेची चौकट, ड्रिलला वाट दाखवणारी, म्हणजे दुसरा फर्माच. पण तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही: नाक एका खुंटीला टेकतं, भोकं ठरल्या जागी पडतात.

मासे निघाले की ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर एकेक तोलावा. एकाच फळीतून, एकाच फर्म्यावर काढलेल्या वीस माशांतही ग्रॅमचा फरक पडतो. आकार सगळ्यांचा एक, लाकूड एक नाही. हलके एकीकडे, जड एकीकडे करून शिसं त्या हिशेबानं कमीजास्त घालायचं. हे वाटणीचं काम टाळलं तर मागची सगळी बारकाई वाया जाते.

रंगाच्या वेळी संखेड्याची आठवण येतेच. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणानं लाख वितळून बसते, केवड्याच्या पानानं घोटली की आरसा होतो. माशाला ती वापरू नये. लाख पाण्यात राहिली की पांढरी पडते. आधी व्हार्निशमध्ये बुडवून वाळवावं, वरून इपॉक्सी. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीत चाचणी घ्यायचा विचारही करू नये, तिथल्या मगरींना लाकूड आणि मासा यातला फरक आपण समजावू शकत नाही. घरच्या टाकीत दोरीला बांधून ओढला तरी मासा सरळ चालतो की कुशीवर पडतो ते कळतं.

चाळीस-पन्नास मासे झाले की फर्म्याची पोटाकडची कड झिजते, खुंटीचा दाब तिथे सगळ्यात जास्त असतो. मासे हळूहळू सडपातळ होत जातात आणि पन्नासावा पहिल्याशेजारी ठेवेपर्यंत कळत नाही. म्हणून मूळ फर्मा सनमायकाचा वेगळा काढून ठेवायचा, त्याला लेथजवळ न्यायचं नाही. त्यावरून कामाचा फर्मा आखायचा, झिजला की टाकायचा, दुसरा आखायचा. आणि मूळ फर्म्यावर लिहून ठेवायचं, कारण तीन वर्षांनी खिळ्यावरून काढला की नुसता वाकडा तुकडा हातात येतो: नाक कुठलं, रंग धरून की वगळून, काही आठवत नाही. न पुसणाऱ्या पेननं, इतकं पुरे: ‘९० × २०. रंग वगळून. शिवण, कोरा ८.८ ग्रॅम. शिसं २ ग्रॅम, नाकापासून ३५ वर. खुंटी ६. नाक डावीकडे.’